नवा माणूस की नवं सॉफ्टवेअर? आधी एका बिलामागे फिरून या

एका व्यापाऱ्याने लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरला इतवारीत ऑफिस, वाडीला गोडाऊन, पाइप-फिटिंग आणि इलेक्ट्रिकलच्या मालाची डिस्ट्रिब्युटरशिप. ऑफिसात सहा जण, त्यातले तीन अकाउंट्सला. तरी महिन्याचा दुसरा आठवडा लागला की रात्री दहापर्यंत लाइट चालू, दिवसभर सप्लायरचे फोन की आमचं बिल कुठे अडकलं. आता एक कंपनी ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टॉक, हिशोब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, विकायला मागे लागली आहे, तर ते घ्यावं की अजून एक अकाउंटंट ठेवावा?

भाऊ, सध्या दोन्ही नको. माणूस घ्याल तर तुंबलेल्या कामाला अजून दोन हात लागतील आणि सहा महिन्यांत तेही तुंबतील. ईआरपी घ्याल तर आज जे ड्रॉवरमध्ये पडून आहे ते उद्या स्क्रीनवर ‘पेंडिंग’ म्हणून पडून राहील आणि वरून दरवर्षी एएमसी, म्हणजे देखभालीची फी, भराल ती वेगळी. मी सीए नाही, त्यामुळे टॅक्सचा शेवटचा शब्द तुमच्या सीएचा. पण आधी हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आणि मग गेली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात बसून त्यांचे कागद कुठे अडतात हे शोधण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यावरून सांगते.

तुम्ही लिहिलंय ‘स्टाफ स्लो आहे’. असेलही, मी पाहिला नाही. पण स्टाफ स्लो म्हणून मला बोलावलं आणि खरंच स्टाफ स्लो निघाला असं एखाद-दुसऱ्या ठिकाणीच झालं. बाकी सगळीकडे माणसं मान खाली घालून कामच करत होती आणि कागद भलतीकडेच वाट पाहत पडला होता. मालकाला समोर बसलेला माणूस दिसतो, थप्पी दिसत नाही, म्हणून सगळा राग माणसावर निघतो.

तुमच्यासारखंच एक दुकान, ऑफिस गांधीबागेत, गोडाऊन अमरावती रोडला. तिथे मी एक बिल पकडलं, सीपीव्हीसी पाइपचं, ८४ हजारांचं, आणि ते जिथे जाईल तिथे मी गेले. मंगळवारी दुपारी ट्रक आला, ड्रायव्हरने बिल आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) गोडाऊनकीपरला दिली, त्याने माल मोजला, चलानवर शिक्का मारला आणि बिल ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हटलं, ड्रॉवरमध्ये काहून? तर म्हणे ऑफिसचा पोरगा शनिवारी येते, तेव्हा सगळे एकदम घेऊन जाते. शनिवारी ते स्कूटरच्या डिक्कीतून गांधीबागेत आलं, सोमवारी अकाउंट्सच्या टेबलावर. तिथे थप्पी, आणि कूलरच्या हवेने उडू नये म्हणून थप्पीवर जीआयचा एक एल्बो, म्हणजे लोखंडी पाइपचा वाकडा जोड, ठेवलेला. बुधवारी नंबर लागला. अकाउंट्सच्या ताईंनी रेट पाहायला पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, शोधला तर पीओ नव्हताच, परचेस पाहणाऱ्या भाच्याने ऑर्डर फोनवर दिली होती. मग बिलावर पेन्सिलने ‘रेट?’ असं लिहून ते भाच्याच्या ट्रेमध्ये गेलं आणि भाचा यवतमाळ-चंद्रपूरच्या फेरीवर. शुक्रवारी तो आला, बिलावर नजर टाकली, ‘बरोबर आहे’ म्हणाला. तिथून मालकाच्या सहीच्या लाल फाइलमध्ये, आणि मालक अकोल्याला लग्नाला. मंगळवारी सही, बुधवारी टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एंट्री.

पंधरा दिवस. आणि मी घड्याळ लावून बसले होते, त्या पंधरा दिवसांत सगळ्यांचे मिळून त्या कागदाला हात लागले ते २२ मिनिटं, त्यातली ९ मिनिटं तर नसलेला पीओ शोधण्यात गेली. आता त्या ताईंचा टायपिंगचा स्पीड दुप्पट केला असता तर किती वाचले असते, दोन मिनिटं? अजून एक अकाउंटंट ठेवला असता तर थप्पीवरचा एल्बो थोडा खाली आला असता, बस.

म्हणून पहिलं काम असं करा की सोमवारी सकाळी स्वतः सगळी पडलेली बिलं मोजा. टेबल, ड्रॉवर, लाल फाइल, गोडाऊन, भाच्याची बॅग, सगळं. मग रोज सरासरी किती बिलं येतात त्याने भागा. रोज ३० येत असतील आणि ३९० पडलेली असतील तर आज आलेलं बिल साधारण १३ दिवसांनी बाहेर पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकांनी १९६१ मध्ये हे गणिताने सिद्ध करून ठेवलंय, रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ, आणि ते बँकेच्या रांगेला लागू होतं तसंच तुमच्या लाल फाइललाही होतं. फक्त मार्चमध्ये किंवा दिवाळीच्या तोंडावर मोजू नका, तेव्हा आवकच वेडीवाकडी असते आणि आकडा फसवतो.

आता अडतं कुठे ते पाहू. शनिवारची फेरी हा प्रकार सगळ्यात सोपा, तुमचंही वाडी ते इतवारी दहा-बारा किलोमीटरच, पण तिथे कागदाला तेवढंच पार करायला चार-पाच दिवस लागून राहिले. गोडाऊनवर त्याच दिवशी बिलाचा आणि शिक्का मारलेल्या चलानचा फोटो काढून पाठवायचा. पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही बरं, तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये बिल हरवतं आणि महिन्याने कोणी शोधत नाही. साधं ड्राइव्हवर तारखेचं फोल्डर करा, फोटोच्या नावात पार्टी आणि बिल नंबर टाका, झालं. मूळ कागद शनिवारी आला तरी चालतो, काम त्याच्यासाठी थांबत नाही.

एक गोष्ट मात्र गोडाऊनवर नक्की बदला. माल मोजणाऱ्याच्या हातात बिल देऊ नका. बिल पाहून मोजणारा माणूस बिलातलाच आकडा लिहितो, लबाडीने नाही, ४४ डिग्रीत पत्र्याखाली उभं राहून मोजताना डोळ्यांसमोर २०० लिहिलेलं असलं की १९६ पण २०० दिसतात. त्याला कोरी स्लिप द्या, आयटम आणि मोजलेला नग, एवढंच. आणि ती स्लिप त्याच दिवशी कॉम्प्युटरवर चढली पाहिजे. गांधीबागेतल्या त्या दुकानात पहिल्याच महिन्यात फिटिंगच्या तीन बोऱ्यांत नग कमी निघाले. त्याआधी वर्षभर शॉर्टेजचे पैसे कापणारी एकही डेबिट नोट नव्हती, आणि मालक तेच कौतुकाने सांगायचे.

दुसरं, ज्याच्यात खरा जीव आहे, ते म्हणजे पीओ. तुम्हाला वाटेल की अकाउंट्सचा प्रश्न आणि मी परचेसमध्ये काय घुसून राहिली. पण अकाउंट्समध्ये जो ताप दिसतो तो बहुतेक वेळा तिथे तयार होतच नाही, तिथे फक्त उघडा पडतो. ऑर्डर फोनवर झाली, रेट भाच्याच्या डोक्यात, मग बिल आल्यावर ताईंना ते डोकं शोधत बसावं लागतं. ऑर्डर देतानाच चार गोष्टी लिहून ठेवल्या, म्हणजे पार्टी, आयटम, नग आणि रेट, तर नंतरची अर्धी कटकट जन्मालाच येत नाही. कागदी पीओ छापायची गरज नाही, टॅलीत पीओ व्हाउचर आहेच, बहुतेकांच्या टॅलीत ते वापराविना पडलेलं असतं. भाचा रस्त्यावर असेल तर त्याने ऑफिसला मेसेज टाकावा, ऑफिसने पीओ करून त्याचा नंबर पार्टीला पाठवावा. नियम एकच की पीओ नंबर नसलेला माल गोडाऊनने उतरवून घ्यायचा नाही. पहिले दोन आठवडे शिव्या खाव्या लागतात, हे आधीच सांगून ठेवते. एकदा ट्रक गेटवर दीड तास उभा राहिला आणि हमाल माझ्याकडे असं पाहत होते की जसं काही त्यांची मजुरी मीच खाल्ली. पण त्यानंतर भाचेबुवा बाइकवरून न उतरता पीओ टाकायला शिकले.

यावर एक जुना किस्सा आहे, आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला, पण ईआरपीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. १९८०च्या दशकात फोर्ड कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या बिल पेमेंट खात्यात ५०० च्या वर लोक होते. आधी त्यांचा बेत होता की कॉम्प्युटर आणून २० टक्के लोक कमी करू. मग त्यांनी जपानच्या माझदा कंपनीकडे पाहिलं, तिथे हेच काम ५ जण करत होते. माझदा लहान आहे हे धरलं तरी हिशोब बसेना. खोदून पाहिलं तर फोर्डच्या लोकांचा बहुतेक वेळ पीओ, माल मिळाल्याचा कागद आणि सप्लायरचं बिल या तिघांचा मेळ न बसण्यातच जात होता. मग त्यांनी मेळ घालायचं काम फास्ट केलं नाही, बिलच काढून टाकलं. पीओ कॉम्प्युटरवर, माल आला की गोदामातच तपासायचं, जुळला तर पैसे निघणार, नाही जुळला तर माल परत. लोक ७५ टक्क्यांनी कमी लागले. आपल्याकडे जीएसटीमुळे बिलाशिवाय चालणार नाही, भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट बिलावरच मिळतं, त्यामुळे हे जसंच्या तसं उचलता येत नाही. पण तपासणी टेबलावरून उचलून गेटवर नेली हा त्यातला मुद्दा वाडीला पण चालतो.

मग सही. हा नाजूक विषय आहे, तुम्ही मालक आहात आणि मी तुमच्या सहीबद्दल बोलून राहिली. त्या गांधीबागवाल्या काकांना मी विचारलं, काकाजी, गेल्या तीन महिन्यांत तुम्ही किती बिलं सही न करता परत पाठवली? म्हणाले, ‘अवो, लय.’ फाइल काढून मोजली तर सहा. सहाच्या सहा रेटवरून. म्हणजे शेकडो बिलं दोन-दोन, चार-चार दिवस लाल फाइलमध्ये बसली ती सहा रेट पकडायला, आणि तो रेट पीओशी जुळवून कोणीही पकडला असता. आणि पकडून तरी काय, तोवर माल विकला पण गेलेला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. काका जरा गप्प झाले आणि मग म्हणाले, ‘मंग मी काय पाहू?’ प्रश्न चुकीचा नव्हता. सही म्हणजे त्यांचा धंद्यावरचा हात होता, तो एकदम काढून घेतला तर कोणाचंही मन धास्तावेल.

म्हणून सही काढली नाही, हलवली. मोठ्या ऑर्डरवर त्यांची मंजुरी पीओच्या वेळी, पैसा अडकायच्या आधी. पीओ, मोजलेला नग आणि बिल तिन्ही जुळलं तर बिल त्यांच्याकडे येतच नाही, सरळ एंट्री. जुळलं नाही तर येतं, पण वर एक ओळ लिहून की काय जुळत नाही आणि आमचं म्हणणं काय. राऊंड ऑफ, दोन-पाच रुपयांचा फरक यासाठी एक मर्यादा ठरवून दिली, त्याच्या आत ताईंनीच निकाल लावायचा. मर्यादा किती ठेवायची ते मी सांगणार नाही, ते तुमच्या मार्जिनवर आणि तुम्हाला रात्री झोप कशाने येते त्यावर आहे. काकांनी आधी खूप कमी ठेवली, महिन्याने स्वतःच वाढवली.

हे सगळं चालू असताना तिथे एक पिवळं रजिस्टर सापडलं, प्रत्येक बिलाची नोंद त्यात हाताने, रोज पाऊण तास. विचारलं कोण वाचतं? कोणीच नाही. कशासाठी सुरू झालं? कोणाला नीट आठवेना, एकजण म्हणे पूर्वी एक बिल हरवलं होतं तेव्हापासून. असे रजिस्टर तुमच्याकडेही निघतील. लगेच फाडू नका, एक महिना गुपचूप लिहिणं बंद करा आणि पाहा कोणी मागतं का. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून सगळी रोगराई गावाबाहेर नेतात ना, मी तर म्हणते प्रत्येक ऑफिसने त्या दिवशी एक रजिस्टर पण द्यावं.

महिन्याच्या मधल्या धावपळीचं आता. सप्लायरचं विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१, महिन्याचं असेल तर ११ तारखेपर्यंत जातं, तुमची २बी, म्हणजे त्यातून बनणारी तुमच्या क्रेडिटची यादी, १४ ला तयार होते आणि टॅक्स भरायच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख २०. म्हणजे मेळ घालायला सहा दिवस, त्यात रविवार आला की पाच. आणि तुमच्याकडे काय होतं, तर तेवढ्यात महिनाभराची थप्पी पण टॅलीत चढवायची असते. म्हणून रात्री दहा वाजतात, २बी मुळे नाही. बिलं रोजच्या रोज चढली तर १४ ला फक्त जुळवणीच उरते. गंमत अशी की ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटीच्या पोर्टलवर आयएमएस नावाची सोय आलीय, सप्लायरने टाकलेलं बिल तिथे दिसतं, मान्य करा, नाकारा नाहीतर पेंडिंग ठेवा. म्हणजे वाडीच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं बिल तुमच्या टेबलाच्या आधी सरकारी पोर्टलवर दिसू शकतं. आठवड्यातून एकदा ते उघडून पाहायची सवय लावा, जे पोर्टलवर आहे पण तुमच्याकडे नाही ते शोधा, आणि जे तुमच्याकडे आहे पण तिथे नाही त्या पार्टीला तेव्हाच फोन करा. २१ तारखेला फोन करून उपयोग नाही.

तसंच ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या पार्टीला ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं, त्या बिलावर क्यूआर कोड असतो. त्यात पार्टीचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम सगळं असतं. म्हणजे ज्या गोष्टी हाताने टाइप करताना चुकतात त्याच नेमक्या स्कॅन करता येतात. ईआरपीचे लाखो रुपये द्यायच्या आधी हे स्कॅनिंग तुमच्या टॅलीला जोडता येतं का ते टॅलीवाल्याला विचारा.

सप्लायरचे फोन. यावर उपाय फारच साधा आहे, पेमेंटचे वार ठरवा. मंगळवार आणि शुक्रवार, सगळ्यांना कळवून टाका, पेमेंट गेलं की यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) मेसेजने त्याच दिवशी. लोक फोन पैशासाठी कमी आणि ‘कधी’ हे कळत नाही म्हणून जास्त करतात. मात्र यादी करताना सूक्ष्म आणि लघु उद्योगात नोंद असलेले कारखानदार वेगळे काढा. त्यांच्याशी लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि मुदत चुकली तर आयकरात तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच धरला जातो. मार्च एंडला हे फार लागतं. आणि इथे ड्रॉवरमधले पंधरा दिवस नुसते आळसाचे राहत नाहीत, करार नसलेल्या पार्टीची मुदत बिल टॅलीत चढेपर्यंतच संपत आलेली असते.

आता जिथे वेळ वाचवायला जाऊ नये ते. बिल चढवणारा आणि पैसे सोडणारा माणूस एकच नको, तीन जणांच्या ऑफिसातही नको, घरचाच असला तरी नको. आणि कोणत्याही पार्टीचा बँक अकाउंट नंबर बदलल्याचा मेल किंवा मेसेज आला तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून आवाज ऐकून खात्री करायची, मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. यात दहा मिनिटं जातात, जाऊ द्या.

माणसांचं सांगते. तुमच्या त्या तिघांपैकी जो सगळ्यात जुना असेल, ज्याला प्रत्येक पार्टीचं लेजर तोंडपाठ आहे, तो या सगळ्यात सगळ्यात जास्त घाबरेल, कारण त्याची किंमतच त्या पाठांतरात आहे असं त्याला वाटतं. पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन चहा पाजा आणि स्पष्ट सांगा की यातून कोणाची नोकरी जाणार नाही, आणि खरंच जाऊ देऊ नका. वाचलेला वेळ वसुलीला लावा. डिस्ट्रिब्युटरच्या धंद्यात पैसा देण्यापेक्षा घेण्यात जास्त अडकतो, आणि पार्टीला नावाने ओळखणारा जुना माणूस फोनवर जे आणतो ते नव्या पोराला जमत नाही. बिलामागे फिराल तेव्हा ‘कोणी अडवलं’ हे विचारूच नका, ‘इथे कशाची वाट पाहिली’ एवढंच विचारा. मी एकदा मालकाला सोबत घेऊन फिरण्याची चूक केली, तो प्रत्येक टेबलावर आवाज चढवायचा, तिसऱ्या टेबलापासून सगळे कागद जादूने वेळेवर निघायला लागले. काही कळलं नाही, दिवस वाया.

हे किती दिवसांत होईल ते तुमच्यावर आहे. गोडाऊनचा माणूस स्मार्टफोन नीट वापरतो का, परचेस करणारा घरातला आहे का (घरातला असेल तर जास्त वेळ धरा, हे अनुभवाचे बोल), रोजची बिलं १५ आहेत की ६०. तुमच्याकडे उद्या अमरावती आणि रायपूरला गोडाऊन येणार असतील, किंवा शेकडो आयटमचा बॅच-सिरियल हिशोब ठेवायचा असेल, तर ईआरपी लागेलही. मी विरोधात नाही, मी स्वतः दोन ठिकाणी बसवून दिलंय.

पण तेव्हाही डेमोला त्यांच्या सॅम्पल डेटावर समाधान मानू नका, तो ‘एबीसी ट्रेडर्स’चा माल नेहमीच पूर्ण येतो आणि रेट नेहमीच जुळतो. तुमची सगळ्यात वाईट पाच बिलं सोबत न्या. नग कमी आलेलं, रेट चुकलेलं, एकाच पीओचा माल तीन ट्रकने आलेलं, भाडं बिलात नंतर लावलेलं, आणि स्कीमचा डिस्काउंट महिन्याने क्रेडिट नोटने येणारं. ती पाच बिलं त्याला तुमच्यासमोर चढवायला सांगा आणि गोडाऊनकीपरला शेजारी बसवा. तिसऱ्या बिलाला सेल्सवाला ‘सर, हे कस्टमायझेशनमध्ये होऊन जाईल’ म्हणाला, तर त्या कस्टमायझेशनचे पैसे किती आणि दिवस किती ते तिथल्या तिथे लिहून घ्या.